शीग

काट्यावरचा आकडा थरथरत पाच नव्वदवर आला, मग सहावर आला आणि तिथेच थांबला. फणसाच्या फांदीला टांगलेला तो डिजिटल काटा घरच्या जावयाने सुट्टीला येताना जाकार्ताजवळच्या तांगेरांगहून आणला होता. खाली सकाळीच झोडपलेलं भात, अंगातली ऊब अजून न गेलेलं. अठ्ठेचाळीस किलोंचा आठवा हिस्सा म्हणजे सहा किलो. हिशोबात कुठे खोट नव्हती. जिचा तो वाटा होता त्या बाईने पोतं काट्यावरून उतरवलं, पण त्याचं तोंड बांधलं नाही. दोन्ही हातांनी तोंड पसरून ती तशीच उभी राहिली. राशीपाशी बसलेल्या आजींचा हात सवयीने राशीत गेला, नारळाची करवंटी भरून वर आला, आणि जावई अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पस." जावा बेटावरच्या बोलीत पस म्हणजे तंतोतंत, बरोब्बर. मला मात्र आपल्या पसाभरातला पसा ऐकू आला. करवंटी अर्ध्या वाटेवर थांबली. आजींनी ती पुन्हा राशीवरच उपडी केली, दाणे सळसळत खाली घसरले. बाईने पोत्याचं तोंड आवळलं, सुतळी बांधली, "मातुर नुवुन" म्हणून आभार मानले आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.

कोणी रागावलं नाही. कोणाचं काही चुकलंही नव्हतं.

तरी ती अर्ध्यावर थांबलेली करवंटी मला सोडत नाही. भाजीवाल्याने काटा बरोबर झाल्यावर वरची मिरची काढून घेतली की आठवते, बँकेच्या ॲपवर पैशांसकट आलेली शिल्लक पाहिली की आठवते. मी मावळातली, भाताच्या गावची. आमच्या खळ्यावर आजोबा पायलीने भात मोजायचे तेव्हा पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं अशी रीत होती. लाभ, दोन, तीन, असं मोजत जायचं. आणि पायली काठोकाठ भरली म्हणजे भरली असं कोणी मानायचं नाही. वर दाण्यांचा शंकू उभा राहून तो चहूबाजूंनी ओघळायला लागला की मग माप पुरं. त्या शंकूला शीग म्हणतात. आपला आनंद शिगेला पोचतो तो तिथेच. व्यापाऱ्याला घालताना आजोबा काठावरून हात फिरवून माप सपाट करायचे. सुतार, लोहार, न्हावी यांचं बलुतं मोजताना हात फिरत नसे. त्या शिगेत किती दाणे असतात हे कुणी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर ती शीग राहिली नसती. पुढे आमच्याकडे वजनकाटा आला, पायली माळ्यावर गेली आणि आईने तिच्यात कात्र्या-सुतळ्या ठेवायला सुरुवात केली. शीग गेली हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. ते जाणवलं इतक्या वर्षांनी, विषुववृत्ताच्या पलीकडे, परक्या अंगणात.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकर्तात राहत होतो आणि मी भाषा शिकायची म्हणून क्लातेन जिल्ह्यातल्या एका गावात जाऊ लागले होते. एका घरी खोली घेतली, आधी शनिवार-रविवार, मग एका सुगीला सलग दोन महिने. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, त्या राशीपाशी बसलेली तीच आजी. तिला सगळे 'म्बाह पुत्री' म्हणत. म्बाह म्हणजे आजी किंवा आजोबा, दोन्हीला एकच शब्द. बाई असेल तर पुढे पुत्री लावायचं. आजीला पुत्री म्हणायला माझी जीभ सुरुवातीला अडखळायची. गावाला ते लिहितात 'देसा', म्हणतात 'देसो'. महिन्याला 'सासी', म्हणजे आपला शशीच. ओळखीचे शब्द असे वेष पालटून भेटत. भाताला तर आपल्यापेक्षाही जास्त शब्द. उभं पीक पारी, टरफलासकट दाणा गाबाह, तांदूळ बरास, शिजला की सेगो. आणि म्बाह पुत्रींच्या पुढ्यात वाढताना सेगो म्हणायचं नाही, सेकुल म्हणायचं, कारण मोठ्यांचा भात वेगळ्या शब्दाने वाढतात. आपण बापडे मधला तांदूळ सोडला तर पेरणीपासून पानापर्यंत 'भात'च म्हणतो.

त्या गावात पाण्याचा आवाज कधी थांबत नाही. वायव्येला मेरापी, धुराची बारीक रेघ सोडत बसलेला, आणि त्याच्या पोटातून आलेलं पाणी ठिकठिकाणी झऱ्यांनी वर येतं. अशा झऱ्याला उंबुल म्हणतात. पाटातून, बांधाखालून, घराच्या मागच्या मोरीपासून पाणी खळखळत असतं. त्या पाण्यामुळे वर्षात भाताची तीन पिकंही निघतात. एका वावरात रोपं टाकलेली, शेजारी लावणी, पलीकडे लोंब्या वाकलेल्या, असं सगळं एकाच नजरेत दिसतं. आमच्याकडे मृग, आर्द्रा मोजत आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला हे आधी स्वर्गासारखं वाटतं. मग बांधावरून चालायला लागलं की बांध फार लवकर लवकर येतात. जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे १५ कोटींच्या वर माणसं. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला तिथे 'गुरेम' म्हणतात, आणि गावातले बहुतेक जण गुरेमच. म्बाह पुत्रींची सगळी मिळून पंचवीसएक गुंठे. त्या गावात त्या खाऊनपिऊन सुखी समजल्या जात.

या पंचवीस गुंठ्यांच्या मागे जे आहे ते कोणी आपणहून सांगत नाही. डच सरकारने १८३० पासून जावाच्या बऱ्याच भागात गावांवर निर्यातीच्या पिकांची सक्ती केली. कागदावर गावाची पाचवा हिस्सा जमीन. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी त्याहून जास्त जमीन आणि त्याहून खूप जास्त दिवस राबणूक. शीग तेव्हाही होती, फक्त ती घेणाऱ्याच्या बाजूला होती. क्लातेन तर उसाचा आणि तंबाखूचा मुलूख, साखर कारखान्यांची उंच धुराडी अजून रस्त्यावरून दिसतात. पुढे स्वतंत्र देशाने १९६० मध्ये जमिनीचा कायदा केला, त्याची अंमलबजावणी रखडली, आणि १९६४ मध्ये याच जिल्ह्यात भूमिहीनांनी वावरात उतरून जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर १९६५-६६ चं, कम्युनिस्ट ठरवलेल्या लाखो माणसांचं हत्याकांड. एकदा मी सहज विचारलं, ओढ्यापलीकडची ती मोठी वावरं पूर्वी कोणाची होती? म्बाह पुत्रींनी माझ्या पेल्यात आणखी साखर घातली आणि म्हणाल्या, "चहा गार होतोय, म्बाक." म्बाक म्हणजे ताई. मी परत विचारलं नाही.

त्या अंगणातल्या आठव्या हिश्श्याला बावोन म्हणतात. कापायला येणाऱ्या बाईने जेवढं कापलं, झोडपलं, त्यातला ठरलेला वाटा तिचा. कुठे सहास एक, कुठे दहास एक, म्बाह पुत्रींकडे आठास एक. पूर्वी पीक कापायला कोणीही यावं, आणि आलेल्या बाईला मालकाने नाही म्हणू नये, असा दंडक होता. म्बाह पुत्रींच्या लहानपणी एकेका वावरात पन्नास-साठ बाया उतरत. हातात विळा नसे, आनि-आनि असे. त्यांनी एक जपून ठेवलेली मला दाखवली. तळहाताएवढी लाकडी पट्टी, तिच्या कडेला बोटभर पातं, आणि आडवी बांबूची काडी. पातं दोन बोटांच्या मध्ये येतं, मूठ मिटली की दिसतही नाही. एकेक लोंबी जवळ ओढायची आणि मुठीतल्या मुठीत खुडायची. म्बोक स्री घाबरू नये म्हणून. म्बोक म्हणजे आई. स्री म्हणजे देवी स्री, आपली श्रीच, तिथे भाताच्या रोपात राहते. गाव मुसलमान आहे, पहाटेची बांग माझ्या खिडकीतून स्पष्ट ऐकू यायची, आणि कापणीच्या आदल्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर भात, उकडलेलं अंडं, भाज्या ठेवून म्बोक स्रीला सांगायचं, हेही होतं. याला विवितान म्हणतात, म्हणजे सुरुवात. पुटपुटणं संपलं की बांधावर दबा धरून बसलेली पोरं पानावर तुटून पडतात. म्बाह पुत्रींना यात काही विसंगत वाटत नव्हतं आणि दोन दिवसांत मलाही वाटेनासं झालं.

मग भात बुटकं झालं. आय.आर. ८ हे फिलिपिन्समध्ये तयार झालेलं वाण १९६६ साली आलं. त्याच्या आईबापांपैकी एक, पेता, हे इंडोनेशियातलंच. माहेरचं रक्त घेऊन ते परत आलं आणि त्याने माहेरची रीत बदलली. बुटक्या पिकाच्या लोंब्या सगळ्या एकदम पिकतात, दाणा हलक्या हाताने झडतो, कंबरेत वाकून बुंध्यापासून विळ्याने कापावं लागतं. आनि-आनिची एकेक लोंबी त्यात परवडत नाही. पाठोपाठ भात भरडायच्या गिरण्या आल्या आणि उखळ-मुसळावर रोजी कमावणाऱ्या हजारो बायांचे हात १९७० च्या आसपास काही वर्षांतच रिकामे झाले. म्बाह पुत्रींची आई त्यांतली एक. लाकडाचं होडीसारखं लांब उखळ, त्यावर चार-पाच बाया मिळून मुसळं टाकायच्या. त्यांच्या ठेक्याचं पुढे संगीत झालं, ते आता समारंभात वाजवतात. घरातलं उखळ अंगणात पालथं पडलेलं असे. त्यावर मी रोज संध्याकाळी बसायची. नंतर तुडतुडे आले, वेरेंग म्हणतात त्यांना. वावरंच्या वावरं जळल्यासारखी करपली. जितकं औषध मारावं तितके ते वाढत, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आधी मरत. शेवटी १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. तोवर आय.आर. ६४ आलं होतं, ते आपल्याकडेही दुकानात मिळतं. पोटभर भात झाला, हे म्बाह पुत्री दरवेळी आवर्जून सांगत. "आम्ही कसाव्याचे कंद वाळवून, कुटून खाल्लेत. तू जुन्याचं कौतुक करतेस ना, त्या गापलेकची चव बघ एकदा." गापलेक म्हणजे तो वाळवलेला कंद. मी गप्प बसले.

वीस गुंठ्यांवरचं पीक त्या स्वतः कापत नाहीत. ते तेबासला जातं. कापणीच्या आधी आठ-दहा दिवस पेनेबास, म्हणजे उभं पीक घेणारा व्यापारी, मोटारसायकल बांधापाशी लावतो. मी त्याला बारकाईने पाहिलं आहे. तो वावरात शिरत नाही. बांधावरून एक फेरी मारतो, एक लोंबी तळहातावर चुरतो, फुंकर घालतो, उरलेले दाणे अंगठ्याने सारतो, एक दाणा दाताखाली फोडतो. मग पुन्हा एकदा सगळ्या वावरावर नजर टाकतो, झोपलेल्या मुलाकडे बघावं तशी. आणि आकडा सांगतो. थोडी घासाघीस होते, इसाराची रक्कम म्बाह पुत्रींच्या हातात पडते आणि त्या क्षणापासून ते पीक त्याचं. पाऊस पडून आडवं झालं तर नुकसान त्याचं, भाव चढला तर फायदा त्याचा. गावातल्या बायांना बोलवायचं की नाही, हेही त्याचंच. तो ओळखीतला नाही, शेजारचा नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला या बाया भांडी घासायला जाणार नाहीत. मालकाला जे 'नाही' तोंडाने म्हणता येत नव्हतं ते तेबासने म्हणून टाकलं. म्बाह पुत्रींनी मला हे इतक्या सरळ सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्याच्याने आता साठ बायांचं होत नाही."

गेली काही वर्षं त्याच्याबरोबर यंत्र येतं. ट्रकवरून उतरतं, रबरी पट्ट्यांवर चिखलातून सरकतं, एका बाजूने उभं पीक गिळतं, मागून पेंढा फेकतं. वीस गुंठे मी चहाचा दुसरा पेला संपवेपर्यंत संपले. यंत्र बांधाशी वळलं तेव्हा पलीकडे चार म्हाताऱ्या उभ्या दिसल्या, पाठीवर बांबूच्या टोपल्या, डोक्याला टॉवेल. त्या सरवा वेचायला आल्या होत्या. सुगी झाल्यावर वावरात पडलेल्या लोंब्या गोळा करायच्या, त्याला आपल्याकडे सरवा म्हणतात. तिथला शब्द 'ङासाक'. शाळेच्या तक्त्यावर 'ङ'ला कुठलंच चित्र नसायचं. या अक्षराने शब्द सुरू होऊ शकतो हे मला जावाने शिकवलं, आणि आता ङ म्हटलं की मला त्या चौघी दिसतात. यंत्रामागे सरवा फारसा उरत नाही. त्या वाकून वाकून पेंढ्याच्या ढिगांत हात घालत होत्या, पेंढा वाऱ्यावर धरून झटकत होत्या. तास-दीड तासाने एकीच्या टोपलीच्या तळाशी जेमतेम पातेलंभर दाणे दिसले. मला वाटलं होतं, मालक हटकेल. कोणी हटकलं नाही. वावरात काही नसताना हटकायचं कशाला?

उरलेल्या पाच गुंठ्यांत म्बाह पुत्री घरच्यापुरतं रोजोलेले करतात. याच जिल्ह्यातल्या देलांग्गूचं ते जुनं सुगंधी वाण, आपल्या आंबेमोहराच्या जातकुळीचं. उंच वाढतं, वाऱ्याने लोळतं, पाच महिने घेतं, म्हणून लोकांनी सोडून दिलं. देशाच्या अणुसंस्थेने किरणोत्सर्ग वापरून त्याचं बुटकं, लवकर येणारं रूप काढलं आहे, पण म्बाह पुत्रींचं अजून उंचच. आणि एवढ्या पाच गुंठ्यांसाठी त्या अजून बावोन पाळतात. पाच बाया, ठरलेल्या. करवंटी अर्ध्यावर थांबली ती या पाच गुंठ्यांच्या राशीवर.

जिच्यासाठी थांबली तिला मी बुलिक म्हणायची. इबू चिलिक, धाकटी आई. आपली मावशीच म्हणा. वय पन्नाशीचं, जमीन नाही, नवरा मेरापीच्या नदीतून वाळू उपसणाऱ्या ट्रकवर जातो. बुलिकचा दिवस मी तिच्या मागे फिरून पाहिला आहे. पहाटे ती मेलिंजोच्या बिया गरम वाळूत भाजते, टरफल काढून एकेक बी दगडावर ठेवते आणि लोखंडी ठोकळ्याच्या दोन फटक्यांत तिचं नाण्याएवढं पातळ पापड करते. बिया व्यापारी देतो, तयार एम्पिंग तोच नेतो, किलोवर पैसे. अंगठ्याचं नख त्या फटक्यांनी कायमचं निळं झालेलं. मग लावणी असेल तर लावणी, चिखलात मागे मागे सरकत. दुपारी बकरीसाठी गवत. बकरी तिची नाही, शाळामास्तरांची, पिल्लं अर्धी-अर्धी. आपल्याकडे अर्धेलीने जनावर देतात तसं, गादुह म्हणतात. संध्याकाळी आरिसान, म्हणजे भिशी. आणि या सगळ्यांच्या फटीत बँक प्लेचित: मोटारसायकलवरून रोज वसुलीला येणारा सावकार. त्याची गाडी गल्लीत शिरली की कोंबड्यांसारख्या बाया घराघरांत नाहीशा होतात. बुलिकही एकदा माझ्या खोलीत येऊन गादीच्या कडेवर बसली होती. गाडीचा आवाज विरेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. जाताना तिने माझी उशी सारखी करून ठेवली.

काट्याच्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांनी मी तिला विचारलंच. वाईट वाटलं का? ती एम्पिंग ठोकत होती. ठोकतच म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही, म्बाक. म्बाह पुत्रींची करवंटी सगळ्यांना सारखी पडत नाही. माझ्या पोत्यात एक पडते, धाकट्या जावेच्या पोत्यात दोन. पडते तेवढी पडते, पण मग घरी जाऊन रात्रभर वाटत राहतं की मला एकच का." दोन फटके. "काटा बरा. काट्याला तोंड नसतं." मग थोड्या वेळाने, बी दगडावर ठेवता ठेवता, "पण त्या दिवशी पोतं हलकं लागलं."

मला या दोन वाक्यांमधून अजून बाहेर पडता आलेलं नाही. मी तोवर मनात एक सोपं चित्र रंगवून बसले होते. एका बाजूला करवंटी, माया, गाव. दुसऱ्या बाजूला काटा, शहर, जावई. जावयाकडेही पुन्हा बघावं लागलं. तो ज्या कारखान्यात काम करतो तिथे त्याचा स्वतःचा ओव्हरटाइम पूर्वी साहेबाच्या वहीत, साहेबाच्या मर्जीने लिहिला जायचा. ते यंत्रावर आल्यापासून त्याला रात्री झोप लागते, असं तो म्हणाला. तो सासूला लुबाडायला किंवा बायांना नाडायला काटा घेऊन आला नव्हता. त्याला जे सगळ्यांत मोलाचं मिळालं होतं तेच तो गावाला द्यायला आला होता. आणि आजोबांच्या पायलीवरची शीग? ती दारातल्या सगळ्यांना सारखी होती का? गावकुसाबाहेरून येणाऱ्याचं माप कोण मोजायचं, कुठे उभं करून मोजायचं, हे मला आठवतं. आठवायला नको होतं असं वाटण्याइतकं स्पष्ट आठवतं. त्याच्या मापावर हात फिरायचा.

आणि न मोजलेलं म्हणावं तर गावात मोजतातही किती! प्रत्येक घराच्या खांबाला प्लास्टिकची एक छोटी वाटी टांगलेली असते. रात्री पहारेकऱ्यांची पाळी फिरते, बांबूचा टोला देत, आणि वाटीतलं गोळा करत जाते. पूर्वी चिमूटभर तांदूळ, म्हणून नाव जिंपितान, म्हणजे चिमूट. आता पाचशे रुपियाचं नाणं. त्यातून रस्त्यावरचे दिवे, मयताचा खर्च, खुर्च्या. आपल्याकडे मुष्टिफंडात मूठ-मूठ धान्य जमायचं, तशातला प्रकार. कोणाच्या वाटीत नाणं नव्हतं हे कोणी बोलत नाही, पण वहीत टिंब पडतं. लग्नाच्या महिन्यात तर म्बाह पुत्रींचं आहेराचं जाड रजिस्टरच निघायचं: कोणाकडून किती किलो तांदूळ आला, किती साखर, पाकिटात किती. परत करताना त्याहून कमी जाता कामा नये. एका महिन्यात नऊ आमंत्रणं आली तेव्हा बुलिकने बँक प्लेचितकडून कर्ज काढून आहेर केले. मी म्हटलं, एखाद्या ठिकाणी नाही गेलीस तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं होतं, एखाद्या दिवशी श्वास नाही घेतलास तर?

मी निघायच्या आदल्या आठवड्यात म्बाह काकुंगांचा, म्हणजे आजोबांचा, हजारावा दिवस आला. मयताला सात, चाळीस, शंभर आणि हजार दिवस झाले की तिथे कंदुरेन करतात. हा शब्द कानावर पडला आणि मी दचकलेच. आपली कंदुरी! पिराच्या दर्ग्याला बोकड कापून सगळ्या गावाला जेवू घालतात ती. एकच फारसी शब्द समुद्राच्या दोन काठांना लागलेला. पहाटे चारपासून परसात चुली पेटल्या आणि शेजारच्या बाया हातात आपापली सुरी घेऊन आल्या. या मदतीला रेवांग म्हणतात, तिला मजुरी नसते. बुलिक सर्वांत आधी आलेली. तिने नारळ खवले, सत्तर जणांचा भात मोठ्या बांबूच्या टोपलीत वाफवला, कोंबड्या साफ केल्या, आणि दिवसभर मोरीपाशी उकिडवी बसून भांडी घासली. हा भात त्या रोजोलेलेचा. वाफ बाहेर आली तेव्हा परसभर असा वास सुटला की मला एकदम आमच्या आजीच्या चुलीपाशी गेल्यासारखं झालं. जावईही सकाळपासून चटया अंथरत, खुर्च्या उचलत होता. काटा फणसाला तसाच टांगलेला होता, त्याच्या आकड्याला कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

संध्याकाळी पुरुष येऊन बसले, दुवा झाली, आमीन-आमीन झालं, आणि दहा मिनिटांत सगळे उठून आपापला डबा घेऊन गेले. तिथे पानावर बसून कोणी पोटभर खात नाही, डबा घरी नेतात. बांबूच्या विणलेल्या चौकोनी डब्याला बेसेक म्हणतात, आणि आतल्या जेवणाला बरकात. आपली बरकतच. पुरुष गेल्यावर म्बाह पुत्री परसात आल्या आणि काम केलेल्या बायांचे डबे स्वतः भरायला बसल्या. त्यांच्या हातात तीच करवंटी होती, मी नीट पाहिलं. भात, त्यावर कोंबडीचा तुकडा, टेंपे, शेवया, मिरचीची चटणी, पुन्हा वरून भात. बुलिकचा डबा आला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. अंगणाकडे पाहिलं, तिथे जावई चटया गुंडाळत होता. मग करवंटी भातात गेली, वर आली, डब्यात उपडी झाली. पुन्हा गेली. पुन्हा उपडी झाली. धाकट्या जावेचा डबा शेजारीच उघडा होता आणि बुलिकची नजर एकदा त्याच्यावरून जाऊन आली.

तिने डबा दोन्ही हातांनी घेतला. झाकण बसत नव्हतं. तिने ते एका कोपऱ्यातून दाबलं तर दुसऱ्या कोपऱ्यातून भात बाहेर यायला लागला. शेवटी तिने झाकण तसंच भाताच्या ढिगावर तिरकं ठेवलं, ओढणीत डबा गुंडाळून पाठीशी बांधला, आणि अंधारात बांधावरून जाताना एक हात मागे नेऊन झाकण धरून ठेवलं.